दोनशे तेरावा भुंगेरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही. देवापुढेही कधी उच्चारलं नाही — त्याला ठाऊक असेल तर असो. आणि सांगायचं तरी काय, तर एका किड्याची गोष्ट. करंगळीच्या नखाएवढा, तपकिरी, लांब मिशांचा एक भुंगेरा. तुम्ही हसाल. हसा. पहिलं वर्षभर मलाही हसूच येत होतं.

मी आकड्यांचा माणूस आहे, हे आधी सांगायला हवं. सरकारी दप्तरखान्यात माझी हयात गेली. कागद मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे, मधे एकही इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. ही सवय घरीही सुटली नाही. महादेवाला बेल वाहताना माझे ओठ हलतात ते मंत्राने नाही, मोजणीने — असं बायको म्हणते. "अहो, तो काय पावती देणार आहे?" असंही म्हणते. मी चिडतो, पण पानं मोजतोच.

तर नागपुरात, धंतोलीत, आमच्या बिऱ्हाडापासून चार घरं टाकून, एक पेन्शनर डॉक्टर राहत. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी अंदमान बेटांवरच्या सरकारी दवाखान्यात काढली होती, आणि तिथे त्यांना भुंगेऱ्यांचं वेड लागलं होतं. लोक त्यांना काळ्या पाण्याच्या कैद्यांविषयी विचारत, ते भुंगेऱ्यांविषयी सांगत. लोक हळूहळू यायचे बंद झाले. मी राहिलो. त्यांचा हात कापू लागला होता आणि माझं अक्षर बारीक, म्हणून दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे चिठ्ठ्या लिहायला जाऊ लागलो.

चिठ्ठी म्हणजे काय, ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक भुंगेऱ्याला एक टाचणी, आणि त्या टाचणीत भुंगेऱ्याच्या पोटाखाली एक चिठ्ठी — बेट कोणतं, जागा कोणती, झाड कोणतं, महिना कोणता, धरणारा कोण. हे सगळं मोहरीएवढ्या अक्षरांत. डॉक्टर म्हणत, चिठ्ठी नसलेला भुंगेरा म्हणजे केर. एका बेटावरचा भुंगेरा शेजारच्या बेटावर सापडेलच असं नाही. मधे दोन कोस समुद्र आला की पाठीवरचा ठिपका सरकतो, मिशीचं एखादं पेर लांबतं, आणि ती जात वेगळी ठरते. ओळखता न आलेले भुंगेरे ते विलायतेतल्या एका तज्ज्ञाकडे पाठवत. तो पाहून सांगे — ही जात माहीत आहे, ही माहीत आहे, आणि क्वचित एखादी — ही नवी. सगळा डोलारा चिठ्ठीवर. चिठ्ठी खोटी तर शास्त्र खोटं. हे मला किती आवडायचं! इतकं स्वच्छ काम मी कचेरीतही पाहिलं नव्हतं.

भुंगेरे धरणारा होता दशरथ. मूळचा नागपूरकडच्या कुहीचा. तिथल्या दवाखान्यात तो डॉक्टरांच्या हाताखाली होता, आणि बदली झाली तेव्हा ते त्याला बेटांवर घेऊन गेले. डॉक्टर पेन्शन घेऊन परतले, तो तिथेच जंगलखात्यात मजुरीला राहिला. त्याची नजर अशी, की सडलेल्या ओंडक्यावर सालीच्याच रंगाचा भुंगेरा बसलेला असला तरी दहा पावलांवरून दिसे. वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, त्याची पेटी कलकत्त्यावरून रेल्वेने येई. आत बांबूची नळकांडी. एकेका नळकांड्यात एकेका जागेचे भुंगेरे, भुशात घातलेले, सोबत त्या झाडाचं पान आणि वसाहतीतल्या कारकुनाकडून लिहून घेतलेला जागेचा कागद.

आणि एक दोरी. दशरथला लिहिता येत नव्हतं. भुंगेरा धरला की तो दोरीला एक गाठ मारी. पेटीत जितके भुंगेरे तितक्या गाठी. दोरीच्या टोकाला एक कवडी बांधलेली असे — संपलं, ही खूण. कवडीची गाठ मोजायची नाही, हे मला ठाऊक होतं. गाठी मोजायच्या, भुंगेरे मोजायचे, ताळा जुळला की पुढचं काम. दोन वर्षं जुळला. तिसऱ्या वर्षी माझ्या टेबलावरून एक भुंगेरा मुंग्यांनी ओढून नेला, आणि मी ते प्रामाणिकपणे डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. पण चार पाहुण्यांत म्हणाले, "आमचे नाना मोजतात फार, राखत नाहीत."

चार माणसं हसली. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही. एवढं लागायचं काय होतं त्यात — आता कळतं. तेव्हा मात्र मी मनाशी बजावलं, की पुढल्या पेटीतला एक पायसुद्धा हरवू द्यायचा नाही.

पुढल्या वर्षी पेटी आली तेव्हा डॉक्टर लेकीच्या बाळंतपणासाठी अमरावतीला गेले होते. पेटी मी स्टेशनवरून टांग्याने घरी आणली, ओसरीवर पांढरं धोतर अंथरलं आणि एकट्याने उघडली. या वेळी दोरीला कवडी नव्हती. गाठ सुटून वाटेत पडली असेल, म्हटलं. गाठी मोजल्या — दोनशे तेरा. भुंगेरे मोजले — दोनशे बारा.

पुन्हा मोजले. दोनशे बारा. नळकांडी उलटी करून आपटली. भुसा चाळणीने चाळला, मग मलमलीने. धोतर झटकलं. ओसरीवर गुडघ्यांवर रांगत फरशीच्या फटी काडीने उकरल्या. बायको दारात उभी राहून पाहत होती. "काय हरवलं?" मी म्हटलं, "काही नाही." "मग काही नाहीसाठी इतकं काहून रांगून राहिले?" — मी तिच्यावर ओरडलो. तिचा काय दोष?

तीन दिवस मी ते मोजत होतो. चौथ्या दिवशी डॉक्टर येणार होते.

आणि त्या सकाळी, परसात बंबाला लाकडं आणायला गेलो, तर धावड्याच्या एका फाट्याला बारीक भोक पडलेलं, आणि त्यातून एक भुंगेरा बाहेर येत होता. सिताबर्डीच्या टालावरून, म्हणजे वखारीतून, आणलेली लाकडं. असले किडे त्यांतून निघतातच, कोण बघतं? तपकिरी, लांब मिशांचा, पाठीवर फिकट आडवी रेघ. दशरथच्या नळकांड्यांत असे तपकिरी पन्नासएक होते.

मी तो धरला. बाटलीत घातला. मेल्यावर टाचणी मारली, आणि चिठ्ठी लिहिली — बेटाचं नाव, 'पडलेल्या झाडाच्या सालीखाली', महिना, दशरथचं नाव. अक्षर सुरेख आलं. दोनशे तेरा झाले. मला त्या क्षणी काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं. त्या रात्री मी तीन दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपलो. आपण खोटं लिहिलं, हा विचारसुद्धा आला नाही — आकडा जुळला होता ना!

पन्नास तपकिऱ्यांत एक तपकिरी. कोण विचारणार?

डॉक्टरांनी विचारलं. आठ दिवसांत. दोनशे तेरा भुंगेऱ्यांतून त्यांचं भिंग नेमकं त्यावर जाऊन थांबलं. "नाना, हे काय पाठवलं आहे दशरथने! ही मिशी पाहा. ही मांडी पाहा. हा आपल्या कुठल्याच पेटीत नाही!" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. मी काय करायला हवं होतं? तिथेच हसून म्हणायचं — "डॉक्टरसाहेब, तो माझ्या बंबाच्या लाकडातला." त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या, मुंग्यांची थट्टा पुन्हा केली असती. बस्. त्याहून जास्त काय झालं असतं? मी म्हटलं, "खरंच, वेगळा दिसतो."

तो विलायतेला गेला. वर्षाच्या आत उत्तर आलं — नवी जात. छापील कागद आला, त्यात त्याचं चित्र, त्याच्या मांडीचं वेगळं चित्र, आणि खाली बेटाचं नाव. माझ्या चिठ्ठीवरून घेतलेलं, जसंच्या तसं. डॉक्टरांचा मोठेपणा असा, की त्यांनी जातीला स्वतःचं नाव देऊ दिलं नाही. त्यांनी दशरथचं नाव द्यायला लावलं. लॅटिन शेपूट लावून कुहीच्या दशरथचं नाव त्या कागदावर छापलं गेलं. आणि तो किडा? तो सिताबर्डीच्या टालावरचा. शास्त्राला माहीत नसलेला एक जीव आमच्या परसात खुशाल लाकूड कुरतडत होता, हे नागपूरच्या कुणाला कधी कळलं नाही, ते माझ्यामुळे.

इथवर असतं तरी मी हे लिहिलं नसतं. एका कागदावर एक नाव चुकलं, जगाचं काय बिघडलं? पण तज्ज्ञाने लिहिलं होतं, की हाती एकच मादी आहे, नर हवा. त्याशिवाय जातीची जागा पक्की होत नाही. डॉक्टरांनी दशरथला पत्र घातलं — अजून पाठव. दशरथने कारकुनाकडून उत्तर लिहवलं, की शोधतो, पण असा भुंगेरा धरल्याचं मला आठवत नाही. डॉक्टर हसले. "इतके धरतो, कुठून आठवणार?"

पुढल्या होळीला पेटी आली. तो नव्हता. त्याच्या पुढल्या होळीला आली. नव्हता. डॉक्टरांची पत्रं कडक होत गेली. तुझ्याच नावाचा किडा आणि तुलाच सापडत नाही? — हे वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, कारण त्यांची पत्रंही मीच लिहीत असे. वसाहतीत ते वाक्य कारकुनाने मोठ्याने वाचून दाखवलं, आणि माणसांनी ते उचललं. दशरथ दिसला, की 'सापडला का रे तुझा नातेवाईक?' मग डॉक्टरांच्या मनात शंका आली. "दुसऱ्या कुणाला तरी विकून राहिला असेल तो, नाना. जागा लपवतो आहे." मी म्हटलं, "छे, दशरथ तसा नाही." एवढं म्हटलं! केवढं माझं धैर्य!

आणि माझ्या परसात? दर वर्षी होळी जवळ आली, की धावड्याच्या फाट्यांतून ते निघतच होते. माद्याही, नरही. एकदा तर बायकोने केरसुणीने चार-पाच लोटून टाकले, माझ्या डोळ्यांदेखत. मी लाकूड बंद केलं. कन्हानकडचा दगडी कोळसा आणवला. चुलीवरचं भांडं न् भांडं काळं झालं. बायको महिनाभर विचारत होती, की लाकडाने तुमचं काय वाईट केलं? काय सांगणार होतो तिला?

एक गोष्ट मात्र सुचली होती, आणि तीच मला सगळ्यांत जास्त संताप आणते. परसातला एक नर धरायचा, पुढल्या पेटीत घालायचा, चिठ्ठी लिहायची. डॉक्टर खूश, तज्ज्ञ खूश, दशरथ सुटला. पाच मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. का? तर पुन्हा खोटं करायचं नाही म्हणून! माझ्या तत्त्वात बसत नव्हतं म्हणून! पहिलं खोटं स्वतःची लाज झाकायला चाललं. दुसरं, ज्याने एका माणसाची सुटका झाली असती, ते मात्र मला पाप वाटलं. असल्या सचोटीला काय म्हणावं? मला शब्द सापडत नाही.

तिसऱ्या वर्षी दशरथ बेटाच्या आत, जिथे मजूर जात नाहीत तिथे, एकटा गेला. एक कुजका ओंडका सालीखाली पाहायला त्याने फिरवला, आणि तो उतारावरून त्याच्या पायावर आला. डाव्या पायाची तीन बोटं कापावी लागली. काम गेलं. तो परत आला.

धंतोलीला तो आला तेव्हा रविवार होता, मी चिठ्ठ्या लिहीत होतो. काठी भिंतीला टेकवून तो व्हरांड्यात खाली बसला. डॉक्टरांनी पाय पाहिला, त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यामुळेच की काय ते जास्त ताठ झाले. दशरथने एकच मागितलं — तो किडा दाखवा. मूळचा विलायतेत होता. डॉक्टरांनी छापील चित्र दाखवलं. त्याने ते बराच वेळ पाहिलं, दूर धरून, जवळ धरून.

"हा माह्या हातचा नाही जी, डाक्टरसाहेब."

"मग काय आकाशातून पडला?"

"ते मले काय माहीत? पर ह्याले मी धरलो नाही. धरलो असतो तं हात इसरला नसता. मेहेरबानी करा, ते दोरी असन तं काढा."

दोरी होती. सगळ्या दोऱ्या मी जपून ठेवल्या होत्या, वर्षाची चिठ्ठी लावून. दशरथने ती बोटांतून सरकवायला सुरुवात केली. डोळे मिटून, ओठ न हलवता. शेवटच्या गाठीवर येऊन थांबला.

"हे गाठ मोजाची नाही."

"काहून नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्या साली कवडी नाही भेटली. दोरी उसवू नये म्हून मारली हे गाठ. किडे दोनशे बाराच होते जी."

तुम्हाला कळलं ना? काहीही हरवलं नव्हतं. ओसरीवर मी तीन दिवस ज्याच्यासाठी रांगलो तो भुंगेरा कधी नव्हताच. अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसाची मोजणी बरोबर होती आणि माझी, दप्तरखान्यातल्या माणसाची, चूक. आणि तेवढ्यात डॉक्टर माझ्याकडे वळले. संशयाने नाही — विश्वासाने. तोच तर घात.

"नाना, पेटी तुम्ही उघडली होती. आत किती निघाले होते?"

दशरथही माझ्याकडे पाहत होता. त्यालाही माझ्या मोजणीचा भरवसा होता. त्याला वाटलं, आता बाबूजी सांगतील, आणि मिटेल.

मी म्हटलं, "दोनशे तेरा."

हाच तो गुन्हा. बंबाच्या लाकडातला किडा नव्हे, चिठ्ठी नव्हे. त्या वेळी मी घाबरलो होतो, मूर्ख होतो, म्हणा. पण या वेळी मला सगळं ठाऊक होतं. पाय समोर होता. दोरी समोर होती. मी आवाजही खाली आणला नाही.

दशरथने दोरीची नीट गुंडाळी केली आणि माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाला, "मंग मीच भुललो असन. बाबूजीचं मोजणं खोटं नाही होत." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी आजवर जरा बरा झोपलो असतो. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवरचा काढून घेतला — माझ्या डोळ्यांसमोर, एवढ्या सहज.

डॉक्टर आता नाहीत. त्यांच्या पेट्या लेकीने कुठल्याशा संग्रहाला देऊन टाकल्या. छापील कागदावर ते बेट आहे तसंच आहे, आणि अजून कुणीतरी कधीतरी तिथे तो नर शोधायला जाईलही. त्या तज्ज्ञाला मी लिहू शकलो असतो. पत्ता माझ्याच अक्षरात आहे. लिहिलं नाही. आता हे सांगतो आहे, तर तेही धारिष्ट नव्हे. मला कामावरून काढणारा कुणी उरला नाही, आणि दशरथला वाचता येत नाही. म्हणूनच लिहायला धजलो. हेही लिहून ठेवतो.

गेल्या दिवाळीनंतर मी कुहीला गेलो. घरी सांगितलं, नवा तांदूळ पाहायला जातो. जाताना मोटारीत वाक्य ठरवलं होतं, पाठ केलं होतं. दशरथ खळ्यावर बसला होता, आखूड पाय पुढे पसरून. त्याची बायको धानाचे भारे रचत होती. मला पाहून त्याला खरा आनंद झाला. त्याने उठायचा प्रयत्न केला, मी खांदा धरून बसवलं. बायकोने पाणी आणलं. ती म्हणाली, "पहिले ह्यायले एका नजरेत समजे, किती भारे झाले ते. आता मोजतच नाहीत जी. म्हणतात, माह्या मोजण्यावर भरवसा नाही. मलेच मोजा लागते, अन् मले येते कोठं?"

मी पेला खाली ठेवला. वाक्य जिभेवर होतं.

"आता बाबूजी आले ना," दशरथ तिला म्हणाला, "त्यायलेच मोजू दे वं. मंग फिकीर नाही."

मी उठलो. खळ्याला फेरी घातली, भारे मोजले. चौऱ्याऐंशी होते. ते त्याला सांगितलं — तेवढंच सांगितलं. त्याने मान हलवली, भाऱ्यांकडे एकदाही न पाहता, आणि बायकोला म्हणाला, "चौऱ्यांशी. घे, झाकून टाक."